वर्गातल्या मुलाला उठून जाता येत नाही

गोव्याच्या डिचोली तालुक्यात चर्चच्या एका अनुदानित हायस्कुलात शिकवणाऱ्या सरांनी इथे प्रश्न टाकला आहे. तो थोडक्यात असा. ते कॅथलिक, मूळचे सावंतवाडीकडचे. नववीला विज्ञान आणि मॉरल सायन्स घेतात. एका मुलानं भर वर्गात विचारलं, “सर, बायबलात देवानं आदाम घडवला आणि तुम्ही उत्क्रांती शिकवता, मग खरं काय?” दुसरं, मॉरल सायन्सच्या तासाला त्यांनी खाणींचा विषय काढला, तेव्हा काही पालक हेडमास्तरांकडे गेले आणि हेडमास्तर म्हणाले, “पोर्शन पुरा करा, बाकीच्या भानगडी नकोत.” तिसरं, सेंट झेवियरच्या नोव्हेनाच्या, म्हणजे सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनांच्या, दिवसांत शाळेत प्रार्थना होते, तिच्यातून आपल्या मुलीला वगळा, असं एका हिंदू आईनं येऊन हळूच सांगितलं. सरांना ते लागलं. शेवटी ते विचारतात: मी माझा विश्वास वर्गाच्या दाराबाहेर ठेवायचा का? आणि जो विश्वास समाजातल्या अन्यायावर गप्प बसतो, तो काय कामाचा?

सर, मी मूळची वसईची. लग्न होऊन गोव्यात आले आणि चर्चच्या शाळांत इतिहास आणि मॉरल सायन्स शिकवण्यात उमेद गेली. शेवटची काही वर्षं मुख्याध्यापक होते. तेव्हा पुढचं सगळं त्या अनुभवातून आलेलं आहे, आणि त्यातलं थोडंफार तुमच्या शाळेला लागू पडणार नाही. मॅनेजर फादर कसे आहेत, पालक-शिक्षक संघात कोण बसतं, गावात सध्या कशावरून तापलं आहे, यावर बरंच अवलंबून असतं. दक्षिण गोव्यातल्या, ख्रिस्ती वस्तीच्या सासष्टीत जे सहज चालतं, ते डिचोली-सत्तरीत चालेलच असं नाही. हे आधीच सांगून टाकते.

आता तुमचे तिन्ही प्रश्न बाजूबाजूला ठेवून बघा. तुम्ही विचारता की श्रद्धा वर्गात किती न्यावी. मला वाटतं, अडचण किती न्यावी ही नाहीच. रविवारी मिस्साला माणूस स्वतःच्या पायानं येतो. प्रवचन नाही पटलं तर तो बाहेर जाऊन बाइकला टेकून उभा राहतो. गोव्यातल्या कुठल्याही इगर्जीबाहेर, म्हणजे चर्चबाहेर, ही मंडळी दिसतात. वर्गातल्या मुलाला उठून जाता येत नाही. हजेरी तुमच्या हातात, इंटर्नल मार्क तुमच्या हातात, शाळा सोडताना मिळणाऱ्या कॅरेक्टर सर्टिफिकेटवर सही हेडमास्तरांची. अशा मुलासमोर आपण जे बोलतो त्याला प्रवचनापेक्षा जास्त वजन येतं, आणि ते वजन आपल्या सत्याचं नसतं, खुर्चीचं असतं. म्हणून मी स्वतःला एकच विचारायची: मी जे मानते ते न मानणाऱ्या मुलाला माझ्या तासात पूर्ण मार्क मिळतील का, आणि आपण मानत नाही हे त्याला न घाबरता बोलता येईल का? दोन्हीला हो असेल, तर विश्वास खुशाल आत न्या. एकालाही नाही असेल, तर दाराबाहेर ठेवूनही उपयोग नाही, कारण तो आवाजात, नजरेत, कोणाला उठवून उत्तर विचारतो यात आपोआप आत येतोच.

आधी त्या आईचं घेते, कारण तिथे कायदा स्पष्ट आहे आणि आपल्या शाळांत तो फारसा कोणी वाचत नाही. अनुच्छेद ३० सगळ्यांना तोंडपाठ असतो: अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क. पण दोन पानं मागे अनुच्छेद २८ आहे. त्याचा तिसरा खंड सांगतो की सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेत शिकणाऱ्या कोणालाही धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घेण्याची सक्ती करता येणार नाही; त्यासाठी त्याची स्वतःची संमती लागते, आणि तो अल्पवयीन असेल तर पालकाची. म्हणजे त्या आईनं सवलत मागितलेली नाही. सवलत खरं तर आपण घेत होतो, तिला न विचारता. प्रवेशाच्या फॉर्मवर खाली बारीक अक्षरात “शाळेचे सर्व नियम मान्य” अशी सही घेतलेली असते, तिला संमती म्हणणं मला तरी कधी जमलं नाही. मी नंतर एक साधा वेगळा कागद करून घेतला होता: धार्मिक प्रार्थनेला मुलानं बसावं का, हो किंवा नाही. बहुतेक हिंदू पालकांनी हो लिहिलं. विचारल्यामुळे काही बिघडत नाही, उलट न विचारल्यामुळे बिघडतं.

यात एक गोष्ट आपल्याला विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९८५ मध्ये केरळात तीन भावंडांना शाळेतून काढलं, कारण ती राष्ट्रगीताला आदरानं उभी राहायची पण गायची नाहीत. ती यहोवाचे साक्षीदार या पंथातली होती आणि आपल्या देवाखेरीज कोणाचंही स्तुतिगान करायचं नाही, अशी त्यांची धारणा. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, बिजो इमॅन्युएल खटल्यात, त्या मुलांच्या बाजूनं निकाल दिला. त्या पंथाशी आपलं फारसं जमत नाही, तरी या निकालाचा आधार उद्या कुठल्याही ख्रिस्ती मुलाला लागू शकतो, एखाद्या शाळेत सरस्वतीपूजन किंवा सूर्यनमस्कार सक्तीचे झाले तर. जे आपल्या पोरांसाठी मागायचं, ते दुसऱ्याच्या पोरीला देताना मन का दुखावं?

तुम्हाला लागलं याचं कारण मी समजू शकते. तुम्हाला वाटलं, ही बाई आपल्या गोंयच्या सायबाला, सेंट झेवियरला, नाकारते आहे. पण गोव्यात असं सरळ नसतं. हीच आई ईस्टरनंतर म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीला, तिथल्या चर्चमधल्या मारियामातेला, तेल घेऊन जात असेल. तिथे हिंदूंची रांग किती मोठी असते ते बघा. शिरगावची लईराई देवी आणि ही सायबीण बहिणी-बहिणी, असं दोन्हीकडची माणसं सांगतात. मग म्हापशाला चालतं ते शाळेत का नको? कारण म्हापशाला ती स्वतःहून जाते. जाणं तिचं असतं, मागणंही तिचं असतं. शाळेत तिची मुलगी रांगेत उभी केलेली असते. तिचा विरोध झेवियरला नसावा, रांगेला असावा.

तेव्हा त्या मुलीला वगळा, पण नीट वगळा. वर्गात “ज्यांना प्रार्थनेला यायचं नाही त्यांनी हात वर करा” असं कधीच विचारू नका. नववीतली पोर त्यापेक्षा प्रार्थनेला बसणं पत्करेल. आणि वगळलेल्या मुलांना रिकाम्या वर्गात गप्प बसवणं ही शिक्षाच असते. त्या वेळात त्यांना काहीतरी खरं काम द्या: लायब्ररीतली पुस्तकं लावणं, भित्तिपत्रक, बागेत पाणी. मॉरल सायन्स मात्र सगळ्यांना एकत्रच असू द्या. काही शाळांत कॅथलिक मुलं दोतोर्नीला, म्हणजे धर्मशिक्षणाला, आणि बाकीची मॉरल सायन्सला अशी वाटणी असते. दोतोर्न वेगळी असणं ठीकच, पण एकत्र बसून चांगल्या-वाईटाबद्दल बोलायचा आठवड्यातला एकमेव तास जर धर्मावर वाटला गेला, तर मुलं नेमकं उलटं शिकतात.

आता तुमच्या मुख्य खंतीकडे. दुसऱ्याला सोडून देणं म्हणजे आपला विश्वास पातळ करणं, असं तुम्हाला वाटतंय. मला शुभवर्तमानात याच्या उलट दिसतं. मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातला श्रीमंत माणूस आठवा. तो येशूकडे येतो, गुडघे टेकतो, सार्वकालिक जीवनासाठी काय करू म्हणून विचारतो. येशू त्याच्याकडे प्रेमानं बघतो आणि अवघड ते सांगतो: असेल ते विकून गरिबांना दे. त्या माणसाचा चेहरा उतरतो आणि तो निघून जातो. येशू त्याच्यामागे धावत नाही, अट सौम्य करत नाही, त्याला शापही देत नाही. मला हा प्रसंग शिक्षकांसाठी लिहिल्यासारखा वाटतो. लूकच्या दहाव्यात शास्त्री विचारतो, “माझा शेजारी कोण?” तर येशू व्याख्या देत नाही. वाटेत लुटलेल्या जखमी माणसाला दोघे टाळून पुढे जातात आणि परका शोमरोनी मात्र मदत करतो, ही गोष्ट सांगतो आणि प्रश्न परत शास्त्र्याच्याच पदरात टाकतो: या तिघांपैकी शेजारी कोण ठरला? उत्तर शास्त्र्याला द्यावं लागतं. शिवाय गोष्टीतला भला माणूस शास्त्र्याच्या धर्मातला नाहीच.

हे माझं एकटीचं मत आहे असं नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनं २८ ऑक्टोबर १९६५ या एकाच दिवशी दोन दस्तऐवज जाहीर केले, एक ख्रिस्ती शिक्षणावर आणि एक इतर धर्मांशी असलेल्या नात्यावर. दुसऱ्यात म्हटलं आहे की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही. त्याच वर्षी ७ डिसेंबरला धर्मस्वातंत्र्यावरचा दस्तऐवज आला: धर्माच्या बाबतीत कोणावरही जबरदस्ती नको, कारण ती माणसाच्या प्रतिष्ठेला धक्का देते. माझ्या ओळखीतल्या अनेक कॅथलिक शिक्षकांना नोव्हेनाच्या प्रार्थना पाठ आहेत, पण या तिन्हींचं नाव माहीत नाही. आपल्या मॅनेजरांना तरी माहीत असायला हवं, ते सेमिनरीत शिकलेत.

मराठी वाचकांना जवळचं उदाहरण पंडिता रमाबाईंचं आहे आणि ते मी थोडं सविस्तर सांगते, कारण त्यात तुमचा प्रश्न अख्खा सापडतो. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. विधवा मुलींसाठी शाळा आणि वसतिगृह. पैसा अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनचा, पण अट अशी की सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं, आणि काही मुली येऊन बसू लागल्या. पुण्यात गदारोळ झाला, ‘केसरी’नं झोड उठवली, १८९३ मध्ये रानडे, भांडारकरांसारखी सल्लागार मंडळी बाहेर पडली आणि काही पालकांनी मुली काढून नेल्या.

आपल्या ख्रिस्ती घरांत ही गोष्ट रमाबाईंच्या छळाची म्हणून सांगतात, दुसरीकडे ती धर्मांतराच्या कारस्थानाची म्हणून. दोन्ही सांगण्यांत त्या मुली कुठे आहेत? मला विचाराल तर रमाबाईंनी स्वतःच्या घरात प्रार्थना करू नये, दार लावून घ्यावं, हे म्हणणं अन्यायाचं होतं. बाईनं आपला देव चोरून भजावा का? पण रानडे-भांडारकरांची काळजी निव्वळ कट्टरपणा म्हणून उडवून लावता येत नाही. ज्या मुलीला सासर नाही, माहेर नको म्हणतं, जेवण आणि शिक्षण दोन्ही या एका बाईच्या हातचं, त्या मुलीला उघड्या दारातून आत जाणं सोपं होतं. न जाणं तितकंच सोपं होतं का? रमाबाईंच्या सच्चेपणाबद्दल मला तिळमात्र शंका नाही. तरी आसरा देणाऱ्याला हा प्रश्न स्वतःला विचारावाच लागतो, आणि जितका आसरा मोठा तितका जास्त. आपल्या शाळांत फी माफ झालेली, गणवेश मिळालेली मुलं असतात ना, त्यांच्याबाबतीत तर डोळ्यांत तेल घालून.

उत्क्रांतीचं त्या मानानं सोपं आहे, उगाच अवघड करून ठेवलंय. विज्ञानाच्या तासाला उत्तर एकच: उत्क्रांती झाली, तिचे पुरावे हे, आणि परीक्षेत हेच लिहायचं. तिथे समेट घडवण्याचं काम तुमचं नाही. त्यात २०२३ पासून एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग निघाला, आनुवंशिकता तेवढी राहिली. म्हणजे दहावीनंतर सायन्सला न जाणाऱ्या मुलाला हा विषय तुम्ही सांगाल तेवढाच कळणार. तो तोंडातल्या तोंडात सांगू नका.

तो मुलगा ख्रिस्ती असेल आणि त्याला खरंच टोचत असेल, तर तासानंतर बोला. मी अशा मुलांना बायबलातल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाचे पहिले दोन अध्याय शेजारी-शेजारी वाचायला लावायची. पहिल्यात झाडं, पशू, पक्षी आधी आणि माणूस सगळ्यात शेवटी. दुसऱ्यात माणूस आधी आणि बाग, जनावरं नंतर. ज्यांनी हा ग्रंथ एकत्र बांधला त्यांना हा फरक दिसला नसेल असं नाही; त्यांनी दोन्ही ठेवले, कारण ते प्रयोगवहीतली नोंद लिहीत नव्हते. मुलांना हे इतकं मोकळं करतं की काय सांगू. पोप बारावे पायस यांनी १९५० मध्येच शरीराच्या उत्क्रांतीचा अभ्यास करायला हरकत नाही म्हटलं होतं, आणि १९९६ मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांती ही निव्वळ कल्पनेपेक्षा अधिक काही आहे हे मान्य केलं. आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल मठातला संन्यासी, विश्व प्रसरण पावतंय हे समीकरणांतून मांडणारा लमेत्र धर्मगुरू. हे सांगताना मात्र गॅलिलिओही सांगा. १६३३ ला त्याला शिक्षा कोणी दिली, आणि चूक उघड कबूल व्हायला १९९२ का उजाडावं लागलं. नुसते मेंडेल-लमेत्र सांगितले की ती जाहिरात होते.

यावरून इतिहास. तुम्ही विचारला नाहीत, पण माझा विषय तोच असल्यामुळे राहवत नाही, आणि समाजातल्या अन्यायाबद्दल बोलण्याचा हक्क आपल्याला कुठून मिळतो याचं उत्तर इथेच आहे. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १५६० मध्ये आलं आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत राहिलं. १६८४ मध्ये व्हाइसरॉयनं हुकूम काढला की स्थानिकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. त्याच चर्चच्या राशोलच्या छापखान्यातून १६१६ मध्ये थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं (येशूसंघी धर्मगुरूचं) मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण निघालं होतं. दोन्ही आपलंच. एक मिरवायचं आणि दुसरं झाकायचं, असं करता येत नाही.

कुंकळ्ळीचा पाठ मी मुद्दाम घ्यायची. जुलै १५८३ मध्ये तिथे गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना मारलं. त्यांतले रोदोल्फो आक्वाविवा तर अकबराच्या दरबारात राहून आलेले. चर्च त्यांना हुतात्मे मानतं, १८९३ मध्ये त्यांना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित केलं. पुस्तकी धर्मशिक्षण इथे थांबतं. पण आधी देवळं पाडली गेली होती, आणि नंतर गावच्या नायकांना बोलणी करू म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून दग्यानं मारलं गेलं. त्यांचंही स्मारक कुंकळ्ळीत उभं आहे. वर्गात दोन्हींकडची नावं फळ्यावर लिहायची आणि विचारायचं: कोणाच्या मरणाचं दुःख करायचं हे ठरवण्याआधी तुम्हाला काय काय माहीत असायला हवं? मुलं फार चांगले प्रश्न काढतात. एकदा एका मुलीनं विचारलं की फातर्प्याहून शांतादुर्गेच्या छत्र्या शिगम्यात कुंकळ्ळीला येतात तेव्हा ख्रिस्ती गावकारही मान घेतात, मग भांडण मिटलं कधी? माझ्याकडे त्याचं एका ओळीत उत्तर नव्हतं, आणि ते नाही हे मी सांगितलं. एका पालकानं तक्रार केली की बाई चर्चची बदनामी करतात. मी त्यांना बसवून टिपणं दाखवली. ते पटून गेले असं नाही, पण मुलाला काढून नेलं नाही.

मुद्दा असा की आपल्या घरातलं सांगायची तयारी असेल तरच शेजारच्या घराबद्दल बोलावं. आपल्या कॅथलिक समाजात बामण, चारडो, सुदीर या जाती, हे अजून लग्न ठरवताना निघतंच ना? मॉरल सायन्समध्ये जातिभेदाचा धडा घेताना फक्त ‘हिंदू समाजातील जातिव्यवस्था’ शिकवणारा ख्रिस्ती शिक्षक मला सगळ्यात लबाड वाटतो.

आता खाणी. विषय काढलात हे बरोबरच केलं. डिचोलीत राहून मुलांनी खाणींवर बोलायचं नाही, तर काय अॅमेझॉनच्या जंगलावर बोलायचं? पण तुम्ही लिहिलं आहे की “मी मुलांना सांगितलं, खाणी हे पाप आहे.” इथे हेडमास्तरांशी मी थोडी सहमत आहे. तुमच्या वर्गात ट्रक घेतलेल्या बापाची मुलं आहेत. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, पुन्हा सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ८८ लीजचं नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चमध्ये परत थांबल्या. त्या काळात दारात उभा असलेला ट्रक आणि बँकेचा हप्ता त्या घरांनी पाहिलाय. त्यांच्या शेजारच्याच बाकावर ज्यांच्या शेतात लाल गाळ येऊन बसला, विहिरी आटल्या, ती मुलं आहेत. तुम्ही पाप म्हणालात तेव्हा पहिल्या मुलाला ऐकू आलं की माझा बाप पापी. त्याला उठून जाता येत नव्हतं. मग त्याचा बाप हेडमास्तरांकडे गेला, त्यात नवल काय?

मी असे विषय कसे घ्यायची ते सांगते. पहिल्या तासाला माझं मत सांगायचं नाही. मुलांनी घरी विचारून यायचं: खाण चालू होती तेव्हा घरात काय आलं, काय गेलं, बंद पडली तेव्हा काय आलं, काय गेलं. फळ्यावर सगळ्यांचं येतं, कोणाचंही पुसायचं नाही. दुसऱ्या तासाला कागद: न्यायालयानं काय म्हटलं, पंचायतीनं काय ठराव केला. तिसऱ्या तासाला प्रश्न मात्र नैतिक हवा, नाहीतर तो भूगोल होतो: ज्याचा फायदा झाला तो एक आणि ज्याचं नुकसान झालं तो दुसरा, तर तिघांनी बसून काय ठरवावं? तिसरा कोण, हे मुलांनाच शोधू द्यायचं. बहुतेक वेळा कोणीतरी म्हणतंच, “पुढं जन्माला येणारी.” यानंतर मुलांनी “टीचर, तुमचं काय मत?” म्हणून विचारलं तर मी सांगायची, सरळ, कारणांसकट, आणि ते कुठल्या श्रद्धेतून येतं हेही. विचारल्यावर न सांगणं हाही ढोंगीपणाच. पण क्रम महत्त्वाचा. शिक्षकाचं मत आधी आलं की मुलं विचार करत नाहीत, अंदाज करतात.

“मग माझा विश्वास कुठे बोलणार?” रविवारी ग्रामसभेत बोला. तिथे समोरचा उठून उलट बोलू शकतो, तुम्हाला खाली बसवू शकतो, निघून जाऊ शकतो. तिथे पूर्ण ताकदीनं, नावागावासकट बोला. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं मी वसईकर म्हणून अभिमानानं सांगते: हरित वसईच्या लढ्यात ते रस्त्यावर उतरले, माफियाच्या धमक्यांना भ्याले नाहीत, आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा निवडीवरून गोंधळ घालणाऱ्यांसमोरही आपलं म्हणणं सोडलं नाही. पाणी, जमीन, झाडं यांसाठी ते धर्मगुरू असून लढले असं नाही, धर्मगुरू होते म्हणून लढले. पण ते मोठ्या माणसांशी बोलत होते. आपल्या इथे २०१८ मध्ये आर्चबिशपांच्या वार्षिक पत्रात संविधान धोक्यात असल्याचं आणि कॅथलिकांनी राजकारणात सक्रिय व्हावं असं आलं, तेव्हा देशभर चर्चा झाली. ते पत्रही श्रद्धावंतांना उद्देशून होतं, सहावीच्या वर्गाला नाही. तुम्ही अनुदानित शाळेत असल्यामुळे सेवानियम एकदा वाचून घ्या. पक्षाचं काम वेगळं आणि नागरिक म्हणून ग्रामसभेत बोलणं वेगळं, ही रेघ तुम्हाला माहीत हवी, म्हणजे दुसरं कोणी ती पुढे सरकवून दाखवणार नाही.

एवढं मात्र कबूल करते की याची एक किंमत आहे. माझ्यासारखी पद्धत ठेवली की तुमच्याच समाजातले काही म्हणतील, हा मिळमिळीत आहे, चर्चच्या शाळेत चर्चचं बोलत नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणतील, बोलत नाही म्हणजे आत काहीतरी शिजतंय. दोन्ही ऐकून घ्यावं लागतं. आणि कधी असा प्रसंग येतो की मत राखून ठेवणं चुकीचं ठरतं: वर्गात एखाद्या मुलाला त्याच्या जातीवरून, धर्मावरून कोणी चिडवलं, तर तिथे दोन बाजू फळ्यावर लिहायच्या नसतात. तिथे तास थांबवायचा आणि स्पष्ट सांगायचं, हे इथे चालणार नाही.

राहता राहिले हेडमास्तर. त्यांना वाईट ठरवू नका. ग्रँट, इन्स्पेक्शन आणि पालक या तिघांमध्ये ते बसलेले असतात. खाणींच्या तासांचं नियोजन एका पानावर लिहून आधीच त्यांच्या टेबलावर ठेवा: मुलांना काय विचारणार, कुठले कागद वापरणार. तक्रार आल्यावर दाखवायला त्यांच्याकडे काहीतरी असतं, आणि निम्मी भीती तिथेच उतरते. ज्या पालकांनी तक्रार केली त्यांना बोलवा, त्यांचा ट्रक कधी घेतला, कर्ज किती राहिलं, हे वर्गात येऊन सांगाल का म्हणून विचारा. येतील किंवा नाही येतील.

आणि तरीही मॉरल सायन्समध्ये खाण नको असं ठरलं, तर पावसाळ्यात जवळच्या ओढ्याचं लाल पाणी बाटलीत भरून विज्ञानाच्या तासाला न्या. नववीच्या पुस्तकात सस्पेन्शन आणि कोलॉइड आहेच. बाटली टेबलावर ठेवा, गाळ किती वेळात बसतो ते मुलांना मोजू द्या, मग शेजारी घरच्या विहिरीच्या पाण्याची बाटली ठेवा. पोर्शनबाहेर गेलात असं कोणाला म्हणता येणार नाही, आणि हा गाळ कुठून आला हे मुलं आपण होऊन विचारतील.